अहवालात ‘आर’ लिहिल्यानंतर

सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करणाऱ्या डॉक्टरचा रुग्णाशी थेट संबंध क्वचितच येतो. रुग्ण आमच्यापर्यंत पोहोचतो तो बाटलीतून, नळीतून किंवा स्वॉबवरून. अतिदक्षता विभागातून आलेल्या ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जीवाणू वाढवून पाहण्याच्या, एका बाटलीपासून सुरुवात होऊन पुढे कित्येक महिने आम्ही त्या विभागाच्या मागे लागलो होतो, त्याचा हा वृत्तान्त आहे. औषधांना दाद न देणाऱ्या संसर्गावर उपचार कसा ठरतो आणि असा जीवाणू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेपर्यंत कसा पोहोचतो, हे दोन विषय पाठ्यपुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. प्रत्यक्षात ते एकाच वेळी समोर येतात, आणि त्यांतल्या पहिल्याकडे सर्वांचे लक्ष असते, तर दुसऱ्यासाठी कोणालाच सवड नसते.

बाटली यंत्रात ठेवल्यावर एका दिवसाच्या आतच इशारा वाजला. रक्तात जीवाणू असतील तर ते वाढताना कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यामुळे बाटलीच्या तळाशी असलेल्या संवेदकाचा रंग पालटतो आणि यंत्राला ते कळते. बाटलीतला थेंब काचपट्टीवर घेऊन ग्रॅम स्टेन केला, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी रंगाचे आखूड दंडाणू दिसले. हा निष्कर्ष लेखी अहवालाची वाट न पाहता फोनवर कळवायचा असतो. पलीकडे निवासी डॉक्टर होता. “मॅडम, मेरोपेनेम सुरू करतो, चालेल ना?” असे त्याने या जबर प्रतिजैविकाबद्दल विचारले आणि मी होकार दिला, कारण त्या घडीला याहून नेमके सांगता येईल असे माझ्या हाती काहीच नव्हते. जीवाणूचे नाव दुसऱ्या दिवशी कळणार होते आणि कोणते औषध चालेल हे त्याच्याही नंतर. रक्तदाब घसरत चाललेल्या रुग्णाला तेवढा वेळ नसतो, म्हणून पहिले औषध नेहमी अंदाजाने दिले जाते; आणि अंदाज चुकण्याची भीती जितकी अधिक, तितके जबर औषध आधी वापरण्याकडे कल असतो. सध्याच्या अडचणीचे एक मूळ या पूर्णपणे समजण्याजोग्या घाईत आहे.

दुसऱ्या दिवशी मॅकॉन्की अगार या वाढमाध्यमाच्या प्लेटवर गुलाबी, चिकट आणि फुगीर वसाहती आल्या होत्या. क्लेब्सिएला न्यूमोनिई पुष्कळदा असाच दिसतो. लूप लावली की वसाहत शेंबडासारखी ओढली जाते. त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणते औषध त्याला रोखते याची तपासणी, लावली. जीवाणूंचे ठरावीक गढूळपणाचे द्रावण म्यूलर-हिंटन अगारवर एकसारखे पसरायचे, त्यावर औषधांच्या चकत्या ठेवायच्या, आणि १६ ते १८ तासांनंतर प्रत्येक चकतीभोवती किती जागा मोकळी राहिली ते मिलिमीटरमध्ये मोजायचे. आम्ही वापरत असलेल्या मानकानुसार मेरोपेनेमभोवतीचे वर्तुळ २३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठे असेल तर ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध चालेल), १९ किंवा त्याहून लहान असेल तर ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे चालणार नाही) लिहिले जाते. आमच्या प्लेटवर वाढ चकतीच्या कडेला येऊन भिडली होती. अशा वेळी वहीत ६ हा आकडा लिहितात, कारण चकतीचाच व्यास तेवढा असतो. नवीन विद्यार्थ्यांना तो आकडा पाहून औषधाचा थोडातरी परिणाम झाला असावा असे वाटते. खरे तर ६ म्हणजे काहीही परिणाम नाही.

अहवालात ‘आर’ लिहून आमचे काम संपत नाही, कारण प्रतिरोध आहे एवढ्यावर उपचार ठरवता येत नाही. तो कोणत्या मार्गाने आला आहे हे कळावे लागते. मेरोपेनेम ज्या कार्बापेनेम गटातले आहे त्या गटातील औषधे फोडून निकामी करणारी विकरे (एन्झाइम) अनेक प्रकारची आहेत. केपीसी किंवा ऑक्सा-४८ असेल तर सेफ्टाझिडिम आणि ॲव्हिबॅक्टम यांचे जोडऔषध बहुधा उपयोगी पडते, कारण ॲव्हिबॅक्टम त्या विकरांना अडवतो. एनडीएम हे विकर जस्ताच्या आधाराने काम करते आणि ॲव्हिबॅक्टम त्याला रोखू शकत नाही. गर्भचाचणीच्या पट्टीसारखी दिसणारी एक पट्टी असते, तिच्यावर वसाहतीचे द्रावण टाकल्यास सुमारे पंधरा मिनिटांत विकराची ओळख पटते. आमच्या पट्टीवर एनडीएमसमोर रेघ उमटली.

निवासी डॉक्टर या वेळी स्वतः प्रयोगशाळेत आला होता. “मॅडम, कशाला सेन्सिटिव्ह आहे एवढंच सांगा,” असे तो म्हणाला. दिवसभर हातात कागद घेऊन धावणाऱ्या माणसाचा तो अगदी रास्त प्रश्न होता, पण त्याला एका शब्दाचे उत्तर नव्हते. ॲझट्रिओनाम हे जुने औषध एनडीएमला फोडता येत नाही. मात्र एनडीएम बाळगणाऱ्या जीवाणूंत बहुधा इतरही विकरे असतात आणि ती ॲझट्रिओनाम फोडतात. ती इतर विकरे ॲव्हिबॅक्टम अडवतो. म्हणून सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम आणि ॲझट्रिओनाम एकाच वेळी दिल्यास पहिल्या औषधातील एक घटक दुसऱ्या औषधाला संरक्षण देतो, आणि काम ॲझट्रिओनाम करते. ॲझट्रिओनाम आणि ॲव्हिबॅक्टम एकत्र असलेल्या तयार औषधाला युरोपात २०२४ मध्ये मान्यता मिळाली. आमच्या हाती मात्र दोन वेगळी औषधेच होती. दोन्हींच्या चकत्या एकाच नळीतल्या ब्रोथमध्ये, म्हणजे द्रव वाढमाध्यमात, विरघळू देऊन त्यात हा जीवाणू वाढतो का, हे आम्ही पाहिले. तो वाढला नाही.

दुसरा पर्याय कोलिस्टिनचा होता. १९५०च्या दशकात वापरात आलेले हे औषध मूत्रपिंडाला इजा करते म्हणून पुढे मागे पडले आणि दुसरे काही उरले नाही तेव्हा पुन्हा बाहेर काढावे लागले. त्याचा रेणू मोठा असल्याने तो अगारमध्ये नीट पसरत नाही, त्यामुळे चकतीच्या वर्तुळावर विश्वास ठेवता येत नाही आणि द्रव माध्यमात औषधाच्या वेगवेगळ्या तीव्रता घेऊन तपासणी करावी लागते. शिवाय २०२० पासून अमेरिकी मानकात कोलिस्टिनसाठी ‘एस’ हा वर्गच उरलेला नाही. उत्तम निकाल आला तरी तो ‘आय’ (इंटरमीजिएट, म्हणजे मधला) असतो. या औषधाची खात्री कोणी देऊ नये हे सांगण्याचा याहून स्पष्ट मार्ग मला ठाऊक नाही. रुग्णाचे मूत्रपिंड आधीच थकलेले होते, म्हणून दोन औषधांची जोडी निवडली गेली. त्याचबरोबर मानेच्या शिरेत घातलेली सेंट्रल लाइन काढून टाकली गेली. माझ्या मते त्या रुग्णाच्या सुधारण्यात या दुसऱ्या गोष्टीचा वाटा पहिलीहून कमी नव्हता, कारण नळीच्या आतल्या पृष्ठभागावर जीवाणूंचा जो थर साचतो त्याच्या आत औषध पुरेसे पोहोचत नाही. ताप उतरला आणि त्यानंतरचे कल्चर निर्जंतुक आले.

इथपर्यंतची हकीकत एका रुग्णाच्या उपचाराची होती. त्यानंतर त्याच विभागातील दुसऱ्या रुग्णाच्या श्वासनलिकेतील स्रावात आणि मग आणखी एकाच्या रक्तात तोच क्लेब्सिएला, तेच एनडीएम आणि तीच ६ मिलिमीटरची नोंद आली. अशा वेळी आम्ही यादी करतो: कोण कोणत्या खाटेवर, कधीपासून, कोणती शस्त्रक्रिया, कोणती नळी. यादी जीवाणूच्या नावाने केली जाते, म्हणून त्याच सुमारास एका रुग्णाच्या लघवीत सापडलेला ई. कोलाय तिच्यात नव्हता. माझ्या सहकारी तंत्रज्ञ बाईंनी सवयीने त्याचीही पट्टी लावली आणि तिथेही एनडीएम निघाले. जीवाणू वेगळा, विकर तेच. हे जनुक बहुधा प्लास्मिडवर असते, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या एका लहानशा वर्तुळाकार डीएनएवर. आणि प्लास्मिडची प्रत एका जातीचा जीवाणू दुसऱ्या जातीच्या जीवाणूला देऊ शकतो. आम्ही यादी नव्याने, विकराच्या नावाने लिहिली आणि ती लगेच लांबली. संदर्भ प्रयोगशाळेकडून जनुकक्रमाचे निकाल पुष्कळ उशिरा आले. पन्नास लाखांहून अधिक अक्षरांच्या जनुकसंचात या क्लेब्सिएलांमधले फरक बोटांवर मोजण्याइतके होते, आणि ई. कोलायमध्ये तेच प्लास्मिड होते.

दरम्यान विभागातील प्रत्येक रुग्णाचा गुदद्वाराचा स्वॉब घेण्याचे ठरले. नातेवाइकांना हे समजावणे सर्वांत अवघड गेले. ज्याला कसलाही त्रास नाही त्याची असली तपासणी कशासाठी, असे ते विचारत. हे जीवाणू आतड्यात निमूटपणे राहतात, रुग्णाला काही जाणवत नाही, आणि तरीही तिथून ते हातांवर, चादरीवर आणि मूत्रनलिकेवर येतात, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगितले. स्वॉबमधून असे आणखी वाहक निघाले, ज्यांच्या नेहमीच्या कल्चरमध्ये काहीच आले नव्हते. त्यांतले बहुतेक आधीपासून प्रतिजैविकांवर होते. आतड्यातले औषधाला बळी पडणारे नेहमीचे जीवाणू त्या औषधाने मरतात, मोकळ्या झालेल्या जागेत प्रतिरोधक जीवाणू पसरतो आणि त्याची संख्या इतकी वाढते की अशा रुग्णाला स्पर्श करणाऱ्या हातावर तो येण्याची शक्यताही वाढते. एकाला दिलेले औषध शेजारच्या खाटेवरच्या माणसाला असे बाधते, हे औषधपत्र लिहिणाऱ्याला कधीच दिसत नाही.

मला त्या काळात अमेरिकेतील बेथेस्डा येथील एनआयएच (राष्ट्रीय आरोग्य संस्था) क्लिनिकल सेंटर या रुग्णालयातील २०११ मधील घटना वारंवार आठवत असे. तिथे केपीसी असलेला क्लेब्सिएला घेऊन आलेली एक रुग्ण सर्व खबरदारीनिशी वेगळी ठेवली गेली, बरी होऊन घरी गेली, आणि नंतर काही आठवडे उलटल्यावर दुसरा रुग्ण सापडला. अखेरीस १८ रुग्णांना त्याची लागण झाली, त्यांपैकी ११ जण दगावले आणि त्यांतले ६ मृत्यू या संसर्गामुळे झाल्याचे मानले गेले. जनुकक्रमावरून सर्व लागण त्या पहिल्या रुग्णापासूनच झाली होती हे सिद्ध झाले. हा जीवाणू तिथे सिंकच्या निचरा-नळांत आणि स्वच्छ केलेल्या एका व्हेंटिलेटरवरही आढळला होता. जगातील उत्तम साधने असलेल्या जागी हे घडले, याने मला धीर आला की अधिक भीती वाटली, हे मला तेव्हाही ठरवता आले नाही.

आम्हीही खाटांच्या कठड्यांचे, मॉनिटरच्या बटणांचे, स्टेथोस्कोपचे स्वॉब घेतले. जवळजवळ काहीच आले नाही. दोन खाटांमधल्या हात धुण्याच्या सिंकच्या जाळीतून आणि खालच्या वळणातून मात्र एनडीएमवाले क्लेब्सिएला आले आणि त्यांच्यासोबत तेच विकर बाळगणारा एंटेरोबॅक्टर हा वेगळा जीवाणूही. सिंकच्या खालच्या वाकलेल्या नळात नेहमी पाणी साचलेले असते आणि त्याच्या भिंतीवर जीवाणूंचा चिकट थर बसतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सिंकमध्ये पोषक द्रव्ये पडत असतील तर हा थर खालच्या वळणातून दिवसाला सुमारे एक इंच या गतीने वर जाळीपर्यंत चढतो आणि मग नळाची धार पडली की तुषारांबरोबर बाहेर उडतो, असे दाखवण्यात आले आहे. त्यात ‘पोषक द्रव्ये’ हा शब्द वाचून मी विभागात जाऊन नुसती उभी राहिले. नळीवाटे दिल्या जाणाऱ्या आहारातला उरलेला भाग, सलाईनच्या बाटलीतले ग्लुकोज, औषध पातळ करून शिल्लक राहिलेले पाणी, हे सगळे त्याच सिंकमध्ये ओतले जात होते.

नियमावलीत ते सिंक फक्त हात धुण्यासाठी आहे असे लिहिलेले होते. मी सिस्टर-इन-चार्जना तो नियम दाखवला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, नियम मला पाठ आहे. उरलेलं टाकायचं कुठे, ते आधी सांगा.” सांडपाण्याची खोली विभागाच्या पार दुसऱ्या टोकाला होती, आणि रात्रपाळीत दोन व्हेंटिलेटरवरचे रुग्ण सांभाळणाऱ्या परिचारिकेने उरलेला आहार टाकण्यासाठी तितके अंतर चालत जावे ही अपेक्षा कागदावरच शोभणारी होती. संसर्ग नियंत्रणातले बरेच नियम मला तेव्हापासून याच कसोटीवर तपासून पाहावेसे वाटतात: ते पाळायला लागणारी जागा आणि माणसे दिलेली आहेत का?

सिंकजवळ औषधे तयार करण्याचा कट्टा होता. तुषार तिथवर जातात का हे पाहण्यासाठी निचऱ्याच्या जाळीवर फ्लोरेसिन या अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या रंगाचे द्रावण ओतले, कट्ट्यावर स्वच्छ कागद पसरला, नळ काही काळ सोडला आणि दिवे बंद करून अतिनील दिवा लावला. कागदावर हिरवट ठिपके चमकले. काही ठिपके इंजेक्शनची सिरिंज ठेवायच्या ट्रेच्या कडेवर होते. नळाची धार थेट जाळीवर पडत असल्याने असे होत होते. इतके दिवस आम्ही लोकांना हात धुवा असे बजावत होतो, आणि हात धुतानाच तुषार उडत होते. परिचारिकांना व्याख्यान देण्यापेक्षा तो कागद दाखवल्यावर सगळ्यांना सगळे समजले. सफाईच्या मावशींनी तर पुढच्या पाळीच्या मावशींना बोलावून तो दाखवला.

क्लोरीन ओतून पाहिले, पण काही आठवड्यांत तोच जीवाणू परत आला, कारण थर नुसता वरून भाजला जातो आणि खालून पुन्हा वाढतो. मग खालचे वळण बदलले, नळाची दिशा बदलली, कट्टा दूर हलवला आणि प्रत्येक दोन खाटांमागे द्रव टाकण्यासाठी झाकणाचा डबा ठेवला, जो मावशी ठरावीक वेळी नेऊन रिकामा करत. पुढे खाटांजवळचे ते सिंक काढूनच टाकले गेले. नेदरलँड्समधील नायमेखन येथील विद्यापीठ रुग्णालयाने आपल्या अतिदक्षता विभागातील सिंक काढून रुग्णसेवा पाण्याविना करण्याची पद्धत बसवली आहे आणि त्यानंतर तिथल्या रुग्णांतील अशा जीवाणूंचे प्रमाण घटल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले आहे. आमच्या व्यवस्थापनासमोर मला तोच दाखला उपयोगी पडला. हातांच्या स्वच्छतेसाठी खाटेच्या पायथ्याशी अल्कोहोलचा रब ठेवला. दिसण्यासारखी घाण नसेल तर २० ते ३० सेकंद रब चोळणे पुरते, तर साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. दर तासाला कित्येकदा हात स्वच्छ करावे लागणाऱ्या माणसासाठी हा फरक लहान नाही.

दुसरा रुग्ण वाचला नाही. त्याला मधुमेह होता, मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि योग्य औषध सुरू झाले तेव्हा पुष्कळ उशीर झालेला होता. नोंदीचा अर्ज भरताना एक रकाना येतो: मृत्यू संसर्गामुळे, की संसर्गासह? मी त्या रकान्यापाशी बराच वेळ थांबले. जगभरचा हिशेब मांडणाऱ्यांनाही हीच अडचण आली असणार. लॅन्सेट या नियतकालिकात २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासात २०१९ या वर्षासाठी दोन आकडे वेगळे दिले आहेत: जीवाणूंच्या प्रतिरोधामुळेच झालेले अंदाजे १२ लाख ७० हजार मृत्यू, आणि प्रतिरोधी संसर्ग सोबत असलेले अंदाजे ४९ लाख ५० हजार. त्या दोन आकड्यांमधले अंतर पूर्वी मला सांख्यिकीचा तपशील वाटत असे. मी ‘संसर्गासह’ लिहिले, आणि त्या निर्णयाबद्दल आजही माझी पूर्ण खात्री नाही.

मेरोपेनेमचा वापर कमी करण्याचे काम मात्र सिंकहून संथ गतीने चालले. आम्ही रोजच्या राउंडला जाऊन ४८ ते ७२ तासांनी प्रत्येक प्रतिजैविकाचे कारण विचारू लागलो: कल्चर काय सांगते, साधे औषध चालेल का, थांबवता येईल का. वरिष्ठांना ते आवडले नाही, आणि काही प्रसंगी त्यांचेच बरोबर होते. ई. कोलाय आणि क्लेब्सिएलाच्या ज्या जाती सेफ्ट्रिअक्सोनला दाद देत नाहीत, त्यांच्या रक्तसंसर्गात पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम हे मेरोपेनेमची जागा घेऊ शकते का, हे तपासणाऱ्या २०१८ मधील मेरिनो चाचणीत पहिल्या गटात ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १२.३ टक्के आणि मेरोपेनेमच्या गटात ३.७ टक्के होते. जबर औषध वाचवून ठेवायचे म्हणून ज्याला ते हवेच आहे त्याच्याकडून काढून घेता येत नाही. बचत करायची ती संसर्ग नसलेल्यांच्या औषधात.

हळूहळू नव्या रुग्णांचे स्वॉब निर्मळ येऊ लागले. उरलेले वाहक एका बाजूच्या खाटांवर ठेवले होते, त्यांच्यासाठी वेगळ्या परिचारिका आणि वेगळे स्टेथोस्कोप होते, आणि ते एकेक करून घरी गेले. त्यांच्या नातेवाइकांना भेटणे मी स्वतःकडे घेतले. एका मुलीने विचारले, “आईच्या पोटात तो जंतू आहे म्हणता, मग त्यावर औषध का देत नाही?” मी तिला सांगितले की आईला त्याचा आजार झालेला नाही, आता औषध दिले तर जंतू जाईलच असे नाही, उलट त्याला आणखी मोकळी जागा मिळेल आणि राहिलेले औषधही निकामी होऊ शकेल. तो काही महिने राहू शकतो आणि बऱ्याच जणांत आपोआप नाहीसा होतो. नातवंडांना जवळ घेऊ द्यावे का, या प्रश्नाला मी हो म्हटले. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने नीट हात धुणे घरातल्या सर्वांनी पाळावे, तिचा टॉवेल वेगळा असावा, मूत्रनलिका असेल तर तिची पिशवी हाताळण्यापूर्वी आणि नंतर हात धुवावेत. भांडी वेगळी ठेवण्याची गरज नाही.

घरी जाताना दिलेल्या कार्डावर वरच्या बाजूला मी तारखेसह ‘एनडीएम वाहक’ असे लिहिले आणि पुढे कधीही दुसऱ्या रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर हे कार्ड आधी दाखवा असे सांगितले. त्यामुळे तिथल्या डॉक्टरांना पहिल्या अंदाजाचे औषध निवडताना उपयोग होतो आणि तिला वेगळी खाट देता येते. मुलीने कार्डाचा फोटो काढून घेतला आणि मूळ प्रत आईच्या जुन्या रिपोर्टांच्या फायलीत सर्वांत वर लावली.